चंद्र धरणारा हात

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनच करणार होते. पण आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेल्या बाईला आता घंटा ऐकली तरी कपाळशूळ उठतो, असं बाबा म्हणाले. म्हणून पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस.

बातमी अशी की मला चंद्र मिळाला!

तू आमचं नाटक कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. आमचा रंगमंच काळा असतो. पडदे काळे, जमीन काळी, आणि आम्ही सगळे डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीत, तोंडावरही काळी जाळी. वरून फक्त अतिनील दिवे सोडतात, त्यांना आम्ही नुसतं ‘जांभळे’ म्हणतो. त्या उजेडात काळं काही दिसत नाही आणि खास रंग दिलेल्या वस्तू मात्र आतून पेटल्यासारख्या उजळतात. लोकांना दिसतात मासे, छत्र्या, झाडं, आणि हवेत आपोआप चालणारी एक कापडी म्हातारी. ती उचलणारी माणसं कधीच दिसत नाहीत. प्रयोग संपल्यावरही आम्ही पुढे येऊन वाकत नाही, तो आमच्या मास्तरांचा नियम आहे. आतापर्यंत मी त्या म्हातारीचा डावा पाय होते. (हसू नकोस, डावा पाय अवघड असतो.)

नव्या नाटकात चंद्र पाण्यात पडतो, मासे त्याला शोधून वर आणतात, आणि शेवटी तो आभाळात जाऊन उभा राहतो. तो चंद्र लांब काठीवर असतो आणि काठी माझ्या हातात. गाणं संपेपर्यंत जराही हलायचं नाही. मास्तर म्हणतात, “चंद्र थरथरला की लोकांना काठी आठवते.”

काल पहिल्यांदा जांभळ्या दिव्याखाली तो उचलला, तर मीच तोंड उघडं टाकून वर बघत राहिले. अगं, कागदाचा लगदा तो, मीच थापलेला, मीच गच्चीवर वाळवलेला. तरी अंगावर शहारा आला.

बाकी सगळं ठीक. कोपरांवर आणि हातांवर जरा पुरळ उठलंय, फार खाजतं. हातमोज्यांची ॲलर्जी असणार.

तुझी,
भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस, आत्याचे आशीर्वाद.

तुला चंद्र मिळाला हे वाचून घरात एकटीच मोठ्याने हसले. लहानपणी एका जागी क्षणभर टिकली नाहीस म्हणून तुला भिंगरी म्हणायला लागलो, आणि आता त्याच मुलीला न हलता उभं राहण्याचं काम! तुमच्या मास्तरांची छाती मोठी आहे.

आता ॲलर्जीचं. मला एक सांग, हातमोजे तू कोपरावर घालतेस का?

पुरळाच्या कडा ठळक आहेत का? वर चांदीसारखा पापुद्रा धरतो का? केसांच्या कडेने, कानामागेही आहे का? काळा कपडा घातला की खांद्यावर पीठ सांडल्यासारखं दिसतं का? आणि खाजवायला लागलं की थांबताच येत नाही, रक्त आल्यावरच हात मागे येतो, असं होतं का? तसं असेल तर मोज्यांना उगाच बोल लावू नकोस. याला सोरायसिस म्हणतात. मला तो तुझ्या वयापासून आहे. आपल्या घरातूनच आलेला आहे, तेव्हा वारसाहक्काने तुला दुसरं काही नाही तरी एवढं मिळालं म्हण.

तुला हे कोणी सांगितलं नसणार. घरात सगळे म्हणायचे, “आत्याला थंडी वाजते.” भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या घालणाऱ्या बाईला थंडी वाजते, यावर तुम्ही मुलांनी विश्वास कसा ठेवलात, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

आता नीट ऐक. नखं आजच काप. कढत पाण्याने आंघोळ करू नकोस. त्या वेळी स्वर्ग वाटतो, आणि तासाभराने सव्याज वसूल होतं. कोमट पाणी घे, अंग घासू नकोस, नुसतं टिपून घे, आणि कातडी ओलसर असतानाच मलम लाव. मलमाची डबी फ्रिजमध्ये ठेव. खाज उसळली की खाजवायचं नाही, तळहात घट्ट दाबून धरायचा, नाहीतर गार पाण्याचं फडकं ठेवायचं. हाताला दुसरा काहीतरी उद्योग द्यायचा. मी स्वेटर विणते. भावाला, म्हणजे तुझ्या बापाला, इतके स्वेटर कुठून येतात ते आता तुला कळेल.

आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जा. मी सांगितलं म्हणून नको, पण जा.

नाटकात मात्र कोणाला बोलू नकोस. हा कोणाला लागत नाही, पण लोकांचे डोळे ते ऐकत नाहीत. सोबत माझं मलम, सुती मोजे आणि मऊ कापडाच्या सुट्या बाह्या पाठवते. मलम भरपूर थापायचं, वर बाही चढवायची, की काम झालं. इतकी वर्षं मी तेच केलं, कोणाला पत्ता लागला नाही.

आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझी ती बंद गळ्याची, लांब बाह्यांची सगळी रूपं डोळ्यांपुढून गेली. मी एकदा हट्टाने तुझी बाही वर सरकवायला गेले होते आणि तू मला लाडू दाखवावा तसा खिडकीतला पक्षी दाखवलास. पक्षी नव्हताच ना तिथे?

डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. तू म्हणालीस तेच निघालं. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि मी आजाराचं दुःख विसरून त्यांच्याकडे बघतच बसले. म्हणाल्या, आपली कातडी तळाशी रोज नवी तयार होत असते आणि हळूहळू वर येते. वर यायला तिला साधारण महिना लागतो. आपल्यासारख्यांची मात्र काही दिवसांतच वर येऊन ठेपते. जुनीला झडायला सवड मिळत नाही, म्हणून थर साचतात. म्हणजे आत्या, आपण दोघी बसल्या जागी इतक्या वेगाने नवीन होत असतो! मला खाजतंय त्या जागी कारखाना चालू आहे, रात्रपाळीसकट. मी घरी येऊन कोपर बघत राहिले. वैताग तोच, पण आता थोडा आदरही वाटतो.

त्यांनी गोळ्या दिल्यात आणि आठवड्यातून काही वेळा दिव्यांच्या कपाटात उभं राहायला सांगितलंय. हेही किरण अतिनीलच, पण वेगळ्या जातीचे. मी नाटकातल्या दिव्यांबद्दल विचारलं तर डोळे वटारून म्हणाल्या, “तिथे नाटक करा, उपचार इथे करू.” तेव्हा आता कामावरही दिव्याखाली आणि दवाखान्यातही.

तुझं मलम म्हणजे जादू आहे. पूर्ण जात नाही, पण आग निवते.

भीती एकाच गोष्टीची. प्रयोगाआधी मास्तर सगळ्यांची झाडाझडती घेतात. एकेकाला हातदिव्याखाली उभं करून बघतात, कारण मखमलीवरचा एक धागासुद्धा जांभळ्यात चमकतो. माझ्या खांद्यांवर काय असतं ते तुला सांगायला नको. माझी मैत्रीण मासोळी (तिच्याकडे मासे आहेत, म्हणून मासोळी) माझा नंबर येण्याआधी चिकटपट्टीने माझी पाठ साफ करते. तिला मी कोंडा म्हणून सांगितलंय. मास्तरांना कळलं तर चंद्र दुसऱ्या कोणाकडे जाईल. खाज सुटलेल्या माणसाच्या हातात काठी कोण देईल?

२५ तारखेला पहिला प्रयोग आहे. तू ये ना. माझ्याकडेच राहा.

भिंगरी


१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पक्षी नव्हता.

मी येणार नाही, रागावू नकोस. मी परक्या घरी मुक्काम करत नाही. सकाळी दुसऱ्याची चादर झटकताना जे उडतं, ते त्या माणसाने पाहू नये असं वाटतं. नाटकाच्या खुर्चीत बसायचं तर त्याहून कठीण, शेजाऱ्याच्या दंडाला दंड लावून, अंधारात, न खाजवता. बसमधून उतरतानासुद्धा माझ्या पर्समधला छोटा ब्रश काढून मी सीट झाडून उठते. त्याच्या लाकडी मुठीला मी लाल दोरा बांधलाय, पर्समध्ये चाचपडताना पटकन हाताला लागावा म्हणून. अशी तुझी आत्या. तुझ्या गादीवर कशी झोपणार?

पण एक गोष्ट सांगते, चंद्र धरताना उपयोगी पडेल.

एक्स्चेंजमध्ये नवी होते तेव्हाची गोष्ट. मोठं वादळ येऊन गेलं होतं. वारा थांबला आणि आमच्या बोर्डावरचे दिवे पेटायला लागले. एक, दोन करता करता सगळा बोर्ड उजळला. समोरची अख्खी भिंत. आम्ही सगळ्या जणी उभ्या राहून वायरी जोडत होतो. माझे हात तेव्हा भयंकर उठले होते. दोन्ही हात वायरींत, खाजवायची सोय नाही, आणि खाज अशी की दातांखाली ओठ गेला. आम्हाला बोलणं ऐकायची परवानगी नव्हती, पण जोडताना पहिले दोन शब्द कानावर पडतातच. आणि भिंगरे, सगळ्या गावाचे पहिले दोन शब्द एकच होते. “बरी आहेस?” “बरा आहेस?” “बरे आहात ना?” एकामागून एक, शेकडो माणसं, सगळी माझ्या हातांतून.

मध्येच माझ्या लक्षात आलं की खाज थांबलेली नाही, पण ती उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसली आहे. तिथून ती हाका मारत होती, पण मला इकडे फार काम होतं.

तेव्हा खाजेशी भांडू नकोस. भांडलं की ती मांडीवर येऊन बसते. तू वर चंद्राकडे बघ.

मलम प्रयोगाआधी दुप्पट लाव.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

संपलं. मी नाटक सोडतेय.

तू सांगितलंस तसं मलम दुप्पट लावलं. झाडाझडतीत मी बाह्या खाली ओढून, मोजे चढवून उभी राहिले आणि सुटले. शेवटपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग चंद्र वर गेला, गाणं सुरू झालं आणि उजव्या हाताला खाज उसळली. मी दाबून बघितलं, श्वास धरून बघितला. वर चंद्राकडे बघितलं. शेवटी वाटलं, मी काळी, अंधार काळा, कोणाला काय दिसणार? चंद्र डाव्या हातात घेतला आणि उजवी बाही दंडापर्यंत वर सारून तो हात काठीवर खसाखसा घासला. काय सुख होतं म्हणून सांगू!

तेवढ्यात सगळं सभागृह एकदम “हाऽ” करून थांबलं. मला वाटलं, चंद्राला दाद मिळाली. मी आणखी ताठ उभी राहिले.

आत आल्यावर मासोळीने माझा हात धरून मला जांभळ्याखाली नेलं. तुझं मलम चमकतं, आत्या. मनगटापासून दंडापर्यंत माझा हात पेटलेला होता, एकेक डाग त्याच्या कडेसकट. आणि जे पापुद्रे मी घासून उडवले, ते चमकत चमकत खाली येत होते. सगळ्या लोकांनी ते पाहिलं. मास्तर कोपऱ्यातून बघत होते.

मी कपडे बदलून निघून आले. दार लावून बसलेय. आयुष्यभर जिथे कोणालाच आपण दिसत नाही अशी जागा शोधली, आणि तिथेच मी एकटी दिसले.

भिंगरी


४ मार्च

भिंगरे,

ते मलम माझं, आणि ‘लपव’ हा सल्लाही माझाच. तेव्हा आधी मला शिव्या घालून घे, म्हणजे पुढचं वाचायला मोकळी होशील.

घातल्यास? बरं.

नाटक सोडायचं तर सोड, मी कोण अडवणारी? फोन जोडायच्या खोलीत मी आयुष्य काढलं, तिथेही कोणाला दिसायचं नव्हतं म्हणूनच. मी तुला काय तोंडाने धीर देऊ? पण तुझं पत्र आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. सकाळी चहा उतू गेला, दुपारी स्वेटरची वीण चुकली. तेवढी सांग आणि मग खुशाल दार लावून बस.

चमकला म्हणजे कसा चमकला? रंग कोणता होता?

आत्या


९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी रडता रडता हसले. जग बुडालं तरी तू पाण्याचा रंग विचारशील.

निळा. पण आपण म्हणतो तसा निळा नाही. पांढऱ्याच्या आत निळा. सांगता येत नाही, म्हणून हा हातदिवा पाठवतेय. झाडाझडतीचा जुना आहे, मास्तरांनी दिला. अंधार करून बघ. डोळ्यांवर मारू नकोस.

हो, मास्तर आले होते. मी दार उघडलं तर जिन्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते. आधी झापलं. म्हणाले, “अगं, मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. आपल्या पहिल्याच नाटकात एकाने ओठांना व्हॅसलीन लावलं होतं. अख्खा प्रयोगभर दोन ओठ हवेत तरंगत होते, आणि तो गडी मध्येच जांभई देत होता!” मला हसू आवरेना. मग मी सगळं सांगितलं. सोरायसिस, खाज, मासोळीची चिकटपट्टी. ते म्हणाले, “चंद्र तुझाच आहे. मलम प्रयोगानंतर लाव आणि खाज उसळली तर मासोळीला खूण कर, ती काठी धरेल. एवढीशी गोष्ट.”

एवढीशी गोष्ट! आणि मी महिनाभर जीव मुठीत धरून होते.

पण जाता जाता जिन्यात थांबले. म्हणाले, “एक सांगू? पहिल्या रांगेत एक लहान मुलगी होती. तुझा हात दिसला तशी ती मोठ्याने म्हणाली, ‘बाबा, चंद्राला कोणीतरी धरलंय!’ इतकी वर्षं मी लोकांना चंद्र आपोआप उभा राहतो असं दाखवत आलो. परवा पहिल्यांदा त्यांना कळलं की धरायला कोणीतरी लागतं. असं शांत झालेलं सभागृह मी कधी पाहिलं नव्हतं.” आणि मग हळूच विचारलं, “परत करशील का? बाही वर करून?”

मी तडकले. म्हटलं, “माझा रोग म्हणजे काय तुमचं नेपथ्य आहे का?” ते म्हणाले, “नाही. म्हणूनच विचारतोय, सांगत नाहीये.” आणि गेले.

३१ मार्चला पुढचा प्रयोग. काय करू, आत्या? तू सांगशील ते करेन.

भिंगरी


१६ मार्च

चि. भिंगरीस,

मी सांगेन ते करू नकोस. मला विचारलंस तर माझा हात आधी बाही खाली ओढायला जातो, डोकं नंतर चालतं.

पण मी काय पाहिलं ते सांगते.

काल भरदुपारी सगळे पडदे ओढले. तरी उजेड येत होता, म्हणून न्हाणीघरात जाऊन दार लावलं. नेहमीसारखं मलम लावलं, दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत चढवल्या आणि तुझा दिवा पेटवला.

भिंगरे, मी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणीतरी दुसरा दिवा लावला असं वाटलं.

हे माझे हात होते. बेटंच्या बेटं, त्यांच्या उजळ कडा, मध्ये काळं पाणी. लहानपणी शाळेत नकाशा रंगवायचो तशा कडा, कोणीतरी फार प्रेमाने गिरवलेल्या. मी जरा हात हलवला तर पापुद्रे उडाले आणि सावकाश, इतके सावकाश खाली येत राहिले, की मी ते सगळे खाली बसेपर्यंत श्वास धरून उभी होते. मग डोक्यात काय आलं कोण जाणे, दिवा घेऊन बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत गेले. सकाळीच केर काढला होता मी. तरी खुर्चीच्या हातांवर, उशीवर, विणकामाच्या सुयांवर, सगळीकडे मीच मंद चमकत होते. तुझं पत्र उघडलं तर त्याच्या कडांना माझ्या बोटांचे ठसे. पाटी-पुस्तकं बाजूला ठेवायला लावून मुलाला आकाश दाखवायला गच्चीवर न्यावं, तसं कोणीतरी मला माझ्याच घरात नेत होतं.

ज्याला आयुष्यभर घाण म्हणून झाडत आले, ते हे होतं. मी खाली बसले आणि खूप रडले. लाज वाटली म्हणून नाही. देवळात शिरल्यावर होतं तसं काहीसं झालं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहिते, नाहीतर तुला वाटेल आत्या हुरळून गेली. खाज तीच आहे. सुंदर दिसलं म्हणून ती तसूभर कमी झाली नाही. रडतानाही मी डावा हात उजव्यावर दाबूनच बसले होते. त्यामुळे गोळ्या घे, दिव्याचं कपाट चुकवू नकोस, आणि बरी हो. बरं होण्यासारखं सुख नाही.

प्रयोगात बाही वर करायची की खाली ठेवायची, ते तुझा हात ठरवेल.

तिकीट पाठवू नकोस, वाया जाईल. मी येणार नाही हे तुला ठाऊक आहे.

आत्या


३ एप्रिल

आत्या,

लबाड!

मी बाही वर केली. ठरवलं नव्हतं, नुसतं मलम लावून गेले होते. डाग खरंतर फिके होत चाललेत, मास्तर म्हणाले, “होऊ देत, मलम तर लावशील ना?” चंद्र वर गेला, गाणं सुरू झालं, आणि मी दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सारून काठी धरली. लोकांचा श्वास थांबला तो मला ऐकू आला. या वेळी कशाला दाद मिळतेय हे मला माहीत होतं. चंद्र जराही हलला नाही.

आणि मग खाज उसळली. दोन्ही हातांना एकदम, कधी नव्हे अशी. मासोळीला खूण करणार, तेवढ्यात खाली काहीतरी निळं दिसलं.

आमच्या दिव्यांचा उजेड पहिल्या रांगेपर्यंत सांडतो. तिथे सगळा काळोख होता, चेहरे नाहीत, माणसं नाहीत. त्या काळोखात दोन हात वर धरलेले होते. कोपरापासून बोटांपर्यंत पेटलेले, बेटं आणि त्यांच्या उजळ कडा. टाळ्या वाजवत नव्हते ते, नुसते वर होते, माझ्या हातांसारखेच. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी बाबांनी दारात चेंगरली होती ना तुझी?

मला हाक मारता येईना, हलता येईना, डोळे पुसता येईनात. सगळ्या सभागृहात आपण दोघीच दिसत होतो, आत्या. खाज तिथेच होती, पण शेजारच्या खोलीत. मला इकडे फार काम होतं.

दिवे लागल्यावर मी काळ्या कपड्यांतच धावत खाली आले, नियम मोडून. तुझी खुर्ची रिकामी होती. खुर्चीखाली लाल दोरा बांधलेला ब्रश पडला होता. आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर, काळ्या कापडावर, पांढरा भुगा तसाच होता. तू तो झाडला नव्हतास.

झाडूवाले काका आले तर मी त्यांना म्हटलं, ही खुर्ची आज राहू द्या.

न भेटता का गेलीस? ब्रश पाठवू का?

तुझी,
भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस, आत्याचे आशीर्वाद.

न भेटता गेले, कारण बस चुकली असती. आणि दिवे लागायची वेळ आली तेव्हा खाज अशी चढली होती की तिथेच नाचले असते. लोकांना वाटलं असतं, नाटक अजून चालूच आहे.

बाह्या मी बसमध्ये खाली केल्या नाहीत. शेजारच्या बाईने बराच वेळ बघून विचारलं, “हे काय झालंय हो?” मी म्हटलं, “सोरायसिस आहे, कोणाला लागत नाही.” ती म्हणाली, “खाजतं का फार?” म्हटलं, “फार.” मग तिने स्वतःच्या गुडघ्यांचं सुरू केलं ते उतरेपर्यंत थांबली नाही. एवढंच झालं. एवढ्यासाठी मी किती उन्हाळे उकडून काढले, बघ.

चंद्राबद्दल मला काही लिहिता येत नाही. तीनदा लिहिलं आणि फाडलं. तो वर थांबला तेव्हा मला ती वादळानंतरची भिंत आठवली, सगळे दिवे पेटलेली. आणि वाटलं, मी पण विचारावं, जोडून द्यायला मध्ये कोणी नको, सरळ मीच. म्हणून हात वर केले. बरी आहेस ना?

ब्रश पाठवू नकोस. तुमच्या मखमलीला उपयोगी पडेल.

पुढच्या प्रयोगाला मुक्कामाला येते. चादर कुठल्याही रंगाची घाल.

आत्या